दहा मिनिटं

दीडला शाळेचा तास सुटतो.
एक पन्नासला कॉलेजात वेल्डिंगचा वर्ग.
मधे केंटकीचे डोंगर, वीस मिनिटांचा रस्ता, आणि मी,
व्हर्ना स्टिल्टनर, बस क्रमांक एकतीस.
कागदावर हिशोब चोख बसतो.
कागदाला बाहेर पडताना ऑफिसात सही करावी लागत नाही.

पोरांना लागते.
चौदा जणांची रांग, एक पेन,
फोनवर बोलणारी कारकूनबाई.
बस सुटायची एक चाळीसला. पोचायची दोनला.
कॉलेजचा नियम: सुरक्षेची पहिली दहा मिनिटं चुकली
तर त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही.
म्हणून माझी पोरं भिंतीशी बाकावर बसत,
गॉगल कपाळावर चढवून,
दुसऱ्यांच्या ठिणग्या बघत.

केडन्स मलिन्स दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसायची,
दार पुरतं उघडायच्या आत पळायला.
तरी दोन म्हणजे दोन.
एकदा तिनं वहीच्या मागच्या पानावर
जोडाची रेघ काढून दाखवली, मुंग्यांच्या रांगेसारखी एकसारखी.
"हात बसलाय," म्हणाली, "यंत्र तेवढं मिळत नाही."
ऑक्टोबरात तिनं लेक्सिंग्टनच्या गोदामात रात्रपाळी धरली.
खोकी चिकटवते.
तिथं घड्याळ एकच आहे.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाचनालयात बैठक.
शाळा, कॉलेज, दवाखाना, कारखानदार,
तीन काउंटी, एक फलक, डोनटचे दोन खोके.
मी मागे उभी. वाचायला आलेल्या पोरांना
घरी सोडायचं असतं मला.
‘सुसूत्रता’ हा शब्द मी मोजला. एकोणीस वेळा.
प्रत्येकाचा आराखडा रंगीत,
प्रत्येक जण आपलंच घोडं दामटतोय.
असे नकाशे घेऊन आधीही आले होते लोक,
खाण बंद झाली त्या वर्षी.
माझ्या नवऱ्याला संगणकाचं प्रमाणपत्र देऊन गेले.
अजून भिंतीवर आहे.
खिळा चांगला आहे त्याचा.

नोव्हेंबरात ऑर्विल टॅकेटनं खिशातून
एक पोलादी कडं काढलं, टेबलावर ठेवलं,
सांडलेल्या साखरेत.
"यात केसभर चूक झाली तर माझा पंप फिरत नाही.
तुम्ही तर दहा मिनिटं हरवून बसलात.
मला वेल्डर हवाय. फलक नको."
फ्रेलीबाई म्हणाल्या, घंटा राज्याच्या नियमाची.
डॉक्टर ओकोरो म्हणाले, सुरक्षा विम्याची अट.
दोघंही खरं बोलत होते.
तीन तिघाडा.
मग ओकोरोंनीच विचारलं,
"बस कोण चालवतं?"

सगळ्या खुर्च्या करकरत मागे वळल्या.
मी म्हटलं, हजेरीची वही बसमध्ये द्या.
आठ मिनिटं तिथं सापडतील.
उरलेली दोन जुन्या कोळशाच्या रस्त्यावर आहेत,
पुलाच्या अलीकडे, डावीकडे.
तो रस्ता मला नवऱ्यानं दाखवला होता.

फ्रेलीबाईंनी लिहून घेतलं.
दोन वर्षांच्या बैठका, आणि शेवटी हातभर सुतळी:
पेन माझ्या सीटमागे बांधलंय.

आता एक पन्नासला पोरं वर्कशॉपच्या दारात.
डाल्टन अजून अधूनमधून बस चुकवतो,
पण तो उशीर त्याचा स्वतःचा.
वहीत चौदावी ओळ रिकामी.
बैल गेला नि झोपा केला,
असं मी मनात म्हणते.
नाव मात्र खोडत नाही.

परवा पेट्रोल पंपावर केडन्सची आई भेटली.
गाडीत तेल भरता भरता म्हणाली,
त्या वर्गाचं आता कुठं विचारायचं?
परत घेतील का तिला?
घेतील की नाही, मला ठाऊक नाही, मी म्हटलं.
अर्ज कॉलेजात, शिक्का शाळेत, काम ऑर्विलकडे.
जागा माझ्याकडे. दाराजवळची.
एक बत्तीसला सुटते.