गोड विहीर

दोन्या रेफुखिओनं खुर्ची पुसली,
पेला पुसला,
मग मला पाणी दिलं.

चढण होती. खांद्यावर रिकाम्या बाटल्यांची पेटी.
कुंपणाच्या निवडुंगावर खाणीची धूळ
बोटानं नाव लिहिता येईल इतकी.

"पी. गावात गोड पाणी एवढंच.
क्रेसेन्सिओनं खणली, एकट्यानं,
खाणीतून सुटला की रोज संध्याकाळी.
बावीस हात खाली गेल्यावर ओरडला.
मी धावले, म्हटलं दगड पडला अंगावर,
वाकून बघते तर
हा घोटाभर पाण्यात उभा राहून हसतोय."

खालच्या झऱ्याला गंजल्या खिळ्याची चव,
म्हणून तिथं फक्त गाढवं धुतात.
तो झरा स्वच्छ निघाला.
या विहिरीचा मी दुसरा नमुना घ्यायला आलोय.
पहिल्याचा निकाल माझ्या खिशात, चार घड्या घालून.

सोमलाला वास नाही, रंग नाही.
पाणी कुठं मुरतंय तेही सगळ्यांना दिसतं:
टेकडीएवढा तो करडा ढीग,
कंपनी गेली, तो राहिला.

ती मका सोलायला बसली.
अंगठा कणसावरून फिरला, दाणे परातीत सांडले.
काही तळहातालाच चिकटलेले. झटकले तरी पडेनात.
मग कळलं, ते दाणे नव्हते.
"कामाचे घट्टे," ती म्हणाली,
"त्याच्याही हातापायांना होते, शेवटपर्यंत."

नाबोरला सातवं लागलंय.
अजून त्यानं कसलंच काम केलेलं नाही.
आजीसारखे हात पुढं करून
त्यानं मला दाखवले,
मोठ्या तोऱ्यात.

पेला बाहेरून घामेजला होता.
एका पेल्यानं काही होत नाही, हे मी शिकलोय.
एकतीस वर्षंही एकेक पेल्यानंच होतात,
हे कुठल्या वर्गात सांगितलं नव्हतं.

प्यालो.
खरंच गोड होतं.

बाटली भरली, झाकण घट्ट केलं.
"विहिरीचं नाव काय लिहू?"
"गोड," ती म्हणाली, जणू दुसरं काय असणार.
लिहिलं. खाली तारीख घातली.
खिशातला कागद काढायला हात गेला
आणि रुमाल घेऊन परत आला.

वळणापर्यंत पोचलो तर मागून हाका.
नाबोर धावत येत होता,
दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली बाटली,
सांडू नये म्हणून
जीभ दातांत धरून.
"आजीनं दिलंय,
वाटेत लागेल."