घट

शाळेच्या किल्ल्या शिपायाकडे, शिपाई भावकीतल्या लग्नाला,
म्हणून हुपरीतला आमचा उन्हाळी वर्ग
पहिले दोन दिवस व्हरांड्यातच भरला.
कोल्हापूरहून आलेल्या खोक्यात पाट्या, गोष्टींची पुस्तकं, एक पितळी घंटा
आणि माझ्यासाठी तक्ता:
पहिल्या दिवशीची पातळी, शेवटच्या दिवशीची पातळी, फरक.

एकवीस पोरं आली.
त्यातली नऊ, खिचडी असेल म्हणून.
नव्हती. तरी सात टिकली,
का ते मला अजून सांगता येत नाही.

तहसीन मुल्लाणी, पाचवी.
मार्चपर्यंत धडा वाचायची, असं तिच्या बाई शपथेवर सांगतात.
मे महिन्यात 'स्वच्छ' या शब्दापाशी येऊन अशी थांबली
जशी बोळात म्हैस आडवी बसावी.
सुट्टी लागल्यापासून ती पैंजणाच्या कड्या जोडत होती,
आईशेजारी, चिमट्यानं, एकेक,
खिडकी बंद, कारण वाऱ्यानं गॅसची ज्योत हलते.
"अक्षरं गेली न्हाईत सर," म्हणाली, "नुसती बारीक झाल्यात."

दशांश चिन्हासाठी मी तीन दिवस राखून ठेवले होते.
पाटीवर टिंब दिलं, तर अवधूत वाइंगडे हसला:
"ह्यो टिंब आमच्यात रोज असतोय की.
एक किलो चांदी आणली, नऊशे ब्याण्णव माल दिला,
घट आठ ग्रॅम.
पाचाच्या वर गेली की शेठ मजुरीतनं कापतोय."
मग सगळा वर्गच बोलू लागला,
कुणाच्या घरी किती घट, कुणाचा शेठ काट्याला बोट लावतो,
आणि मी खडू धरून उभा,
एकवीस सराफांपुढं नवशिका.

पाच आठवडे.
शेवटच्या चाचणीत तहसीननं 'स्वच्छ' ओलांडला, जरा धापा टाकत.
अवधूतला टिंब येतो, वाचन होतं तिथंच.
चौघांच्या रकान्यात फरक शून्य.
त्यातले दोघं भट्टीवर जायचे, वर्गाला आठवड्यातून एकदा,
केसांत काजळी घेऊन, मागच्या भिंतीला टेकून झोपायला.
ती शून्यं खोडावीत असं वाटलं.
खोडली नाहीत.

फोनवर साहेब विचारत होते,
हे पुढच्या मेपर्यंत टिकेल का?
मला काय ठाऊक.
शाळा जूनमध्ये उघडते,
कड्या बाराही महिने असतात.

शेवटच्या दिवशी वर्ग झाडायची पाळी तहसीनची.
खडूची पूड, पेन्सिलीचे तुकडे, फाटकातनं आलेली धूळ
तिनं दाराशी नीट गोळा केली.
चांदीच्या घरात केर कुणी फेकत नाही,
डब्यात साठवतात, वर्षाकाठी आटवायला देतात,
गेलेल्यातलं थोडं परत येतं.
सुपलीत भरून ती उंबऱ्यात थांबली:
"सर, ह्यो टाकायचा का ठेवायचा?"