सूर्योदयाची ओळ

वार्डोत झाड नाही.
आरशाच्या चौकटीचं लाकूड समुद्राने दिलं :
कुठल्याशा सैबेरियन नदीतून सुटलेला ओंडका,
मिठाने खाऊन राखाडी केलेला.
रंधा मारला तेव्हा आतून, इतक्या वर्षांनी,
डिंकाचा वास आला.

शाळेने टाकून दिलेला मॉनिटर
खेकडा सोलावा तसा सोलला,
पाठीला पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर
चिकटपट्टीने डकवला.
मासळीच्या कारखान्यात मी मोटारी दुरुस्त करते.
रिले, फ्यूज, तीन फेज, हे माझ्या हातांना कळतं;
कोड कळत नाही. तो भाचा, सिंद्रे,
ट्रोम्सोहून रात्री फोनवर सांगायचा,
मी एका बोटाने टंकत बसायचे.
एक स्वल्पविराम राहिला की सगळा आरसा गप्प.
असा रुसवा मी फक्त आस्लाकचा पाहिलाय.

काचेवर फिल्म लावताना साबणाचं पाणी कमी पडलं.
एक बुडबुडा अडकला,
बरोबर माझ्या डाव्या गालावर येतो.
राहू दे.

युक्ती साधी आहे.
काच एकच; उजेडातल्याला तो स्वतः दिसतो,
अंधारातल्याला पलीकडचं.
हे सांगायला सिंद्रे कशाला हवा?
नोव्हेंबर सरताना सूर्य गेला की दोन महिने
आमच्या सगळ्या खिडक्या हेच करतात.
दिवा लावला की बंदर पुसलं जातं,
आणि भांडी घासणारी मी उरते.

आरसा आता बोलतो :
वारा ईशान्येचा, उणे सात.
बुधवारी कचऱ्याची गाडी.
आस्लाकची बोट, एक हिरवा ठिपका,
माझ्या कपाळावरून सावकाश सरकणारा.
आणि सगळ्यात खाली, सूर्योदयाच्या ओळीत :
१ जानेवारी १९७०, रात्री १.००

सिंद्रे हसला.
सूर्य उगवतच नाही तर गणित काय करणार?
उत्तर शून्य येतं,
आणि यंत्रांचं शून्य त्या तारखेत ठेवलेलं आहे,
तिथून ती सगळी वेळ मोजतात.
"एक ओळ बदल मावशी, जागा कोरी दिसेल."
उद्या बदलते, म्हणाले.

उद्या शेजारची योर्दिस आली, कॉफीला.
केस सारखे करायला आरशापुढे थांबली.
चष्मा वर केला. चष्मा खाली केला.
"बरोबर आहे," म्हणाली.
काय बरोबर आहे?
"ती रात्र. एकच वाजला होता.
एकोणीस वर्षांची मी. खोक्यांच्या शेडमध्ये
नवीन वर्षाचा नाच चाललेला,
आणि मी बाहेर, धक्क्यावर,
हातमोजे हरवून."
पुढे काही विचारू दिलं नाही.
साखर मागितली.
ती साखर घेत नाही.

मग मी ती ओळ बदलली नाही.
योर्दिस रोज यायला लागली, केस सारखे करायला.
डोक्यावर केस ते किती!

जानेवारीच्या विशीत एका दुपारआधी
किल्ल्यावर तोफ झाली. पोरांना सुट्टी.
चकती अख्खी वर आली होती, जेमतेम,
पाण्याला टेकलेली.
स्वयंपाकघरातून तिरपा उजेड आत घुसला
तो थेट आरशावर.
अक्षरं विटली. वारा गेला, कचरा गेला,
आस्लाकही गेला.
हाताचा आडोसा करून वाचलं :
सूर्योदय १०.२४

चोख उत्तर.
दारात योर्दिस, बुटांवरचा बर्फ झटकत.

मी वायर ओढली.
"बिघडलाय," म्हणाले, "भाच्याला विचारावं लागेल."

ती तरी उभी राहिली काचेसमोर.
माझ्याहून बुटकी, त्यामुळे
बुडबुडा तिच्या केसांत आला.
"नाच संपला," ती म्हणाली,
"तरी उजाडलं नव्हतंच,"
आणि खिशातून कंगवा काढला.