गेज

मंगळवारी इंजिनाची नवी आवृत्ती आली
आणि माझ्या खेळातली शेळी उडायची थांबली.
कुंपणाशी येऊन उभी राहायची,
बटण दाबलं की नुसते कान हलवायची.
यास्मिन फोनवर म्हणाली, जुन्यावर परत जा,
शुक्रवारी दाखवायचंय.
मी कोड उघडला.

उडी म्हणजे खरं तर चार ओळी.
पण वेळ इंजिनाला विचारायची,
बोट कुठं पडलं ते इंजिनाला,
जमीन किती खाली, आवाज कुठला, सावली कुठं,
भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायलाही
मालकाला हाक मारावी तशी.

मिरजेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
माझं टेबल दिवसभर थरथरतं.
पलीकडे खाटेवर अण्णा.
त्यांची उमेद जंक्शनात गेली:
लातूरकडनं यायची ती छोट्या रुळाची गाडी,
पुण्याकडं जायची ती मोठ्या रुळाची,
मध्ये थोडा फलाट आणि अण्णांची पाठ.
तूर, शेंगा, गुळाच्या ढेपा
इकडनं उचलायच्या, तिकडं लावायच्या.
मोजताना एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं.

शेळीचं सांगितलं तर म्हणाले,
"डबा अडकतोय गं. डब्याची चाकं रुळाच्या मापाची.
पोत्याला कुठं चाकं असत्यात?"

मग मी चाकं काढत बसले.
वेळ बाहेरून हातात दिली: घे, इतका गेला.
जोर दिला. खाली ओढणारं ओझं दिलं.
उंची तेवढी परत मागितली.
कुणाचं बोट, कुठला पडदा, तिला कळायचं कारणच नाही.
दाराशी एक हमाल बसवला, बावीस ओळींचा.
इंजिनाचं बोलणं त्याला येतं, उडीचंही येतं,
दोघांची गाठ मात्र घालून देत नाही.
उद्या इंजिन बदललं तर हमाल बदलेन, बास,
असं लिहिलं
आणि खाटेकडं बघायचं टाळलं.

सगळे रूळ एका मापाचे झाले त्या वर्षी
अण्णांना कुणी काढलं नव्हतं.
फक्त कुणी बोलावलं नाही.

सावली काही सुटली नाही.
तिची मुळं इंजिनाच्या उजेडात,
ओढली असती तर शेळीच फाटली असती.
ठेवली तशीच. वर टीप लिहिली: ही इथलीच आहे.

रात्री गिरणी थांबल्यावर
इंजिन न लावताच उडी चालवून पाहिली.
काळ्या खिडकीत आकडे, एकाखाली एक.
अण्णा उठून आले, वाकले,
पहिल्या शून्यापाशी जरा अडले,
मग म्हणाले, लाभ.
पाच. नऊ. बारा. चौदा.
पंधरा. पंधरा.
"दोनदा मोजलंस."
न्हाई अण्णा, तिथं वर जरा थांबायला होतं.
चौदा. बारा. नऊ. पाच. शून्य.

"उडालं कोण पण?"

अजून कुणी नाही, म्हटलं.
शेळी असेल. यास्मिनच्या पुढच्या खेळात बेडूक असेल.

"बरं," म्हणाले, आणि तसेच उभे राहिले,
एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर.
खाली गिरणीवाला मोटारीवरचा पट्टा
उतरवून ठेवत होता.