सेहेचाळीस नंबर

अशोकस्तंभावरून आत वळलं की
झेरॉक्सच्या दुकानावर आमची लॅब.
जिना अरुंद, वर पाटी नाही.
पेशंट इथं येत नाहीत.
त्यांचे दात येतात,
प्लास्टरचे, पिशवीतून, चिठ्ठीसकट:
भोये रखमाजी. वय एकसष्ट. सेहेचाळीस नंबर. शेड ए-थ्री.

मी आधी कड शोधते.
घासताघासता डॉक्टरांचा हात जिथं थांबला
ती रेघ, हिरडीच्या अगदी काठाला.
लाल पेन्सिलीनं ती गिरवताना
खाली रिक्षा केकाटली तरी
मी श्वास सोडत नाही.

निसारभाई म्हणतात, केसाएवढी फट राहिली
तर जिभेला पत्ता लागत नाही,
जंतूंना मात्र तो हायवे.
आणि तेच म्हणतात,
अगदी तंतोतंतही करू नकोस, पोरी,
सिमेंटनं कुठं बसायचं?
म्हणून ठशावर निळ्या वार्निशचे दोन हात,
कडेपासून जरा वर.
कुणाला कधी न दिसणारी ती जागा
ठेवली नाही तर काहीच खाली उतरत नाही.

कोरून निघते तेव्हा कॅप खडूसारखी असते,
पांढरी, ठिसूळ,
आणि हवी त्याच्या जवळजवळ सव्वापट.
रात्रभर भट्टीत आक्रसते.
सकाळी दार उघडताना
नऊ वर्षं झाली तरी माझ्या पोटात कालवतं.

त्या दिवशी ठशावर ठेवली. टक्.
भिंगाखाली फिरवली, नख कुठं अडेना.
दुपारी कुलथेबाईंचा फोन:
"बसत नाहीये गं."

दुसरी केली. तीही ठशावर टक्.
तीही तोंडात नाही.
मी भट्टीवर दात धरला,
मापं आणणाऱ्या पोरावर धरला.
निसारभाई चष्मा पुसत म्हणाले,
जा की, बघून ये.

गंगापूर रोड. खुर्चीत आडवा एक माणूस.
चिठ्ठीवरच्या नावाला चेहरा असतो
हे मी पहिल्यांदाच पाहत होते.
पेठकडचे. एसटीत कंडक्टर होते.
तोंड उघडंच, म्हणून त्यांनी डोळ्यांनी नमस्कार केला.

तात्पुरती कॅप कधी निघाली, बाबा?
गुळणी टाकून ते हिशेबाला लागले.
"नागलीची कापणी चालली व्हती.
भाकरीसंगं गेली असंल पोटात.
एकोणीस दिस झालं.
दुखत नव्हतं, मग म्हनलं, राहू दे."

दोन दातांमध्ये निळा कागद धरला.
कॅपच्या कुशीवर मोहरीएवढा डाग उठला.
बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

माझं माप चुकलं नव्हतं,
एकोणीस दिवस शिळं झालं होतं.
शेजारचा उतरून गेल्यावर
एसटीच्या बाकावर माणूस झोपेत पसरतो ना,
तसा पलीकडचा दात
आपसूक कलंडला होता.

नवा ठसा घेतला. तिसरी केली.
त्यांनी दोनदा दात मिटले, टक् टक्,
आणि हात वर करून दोरी ओढल्यासारखं केलं.
डबल बेल.

पहिल्या दोन माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत,
जुन्या ठशाशेजारी.
काम नसलं की काढते,
ठेवून बघते.
अजून बसतात.