पाणी उतरवणं

रॉदरहॅम. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
कालव्याकडच्या खिडकीशी आमचं खेचयंत्र,
त्याच्या जबड्यात करंगळीएवढी सळई, 
एका तुटक्या बोल्टच्या सख्ख्या भावंडातून कातलेली.
क्लाइव्ह ऑग्ली जाळी ओढून घेतो, मान हलवतो,
मी बटण दाबते.

चांगलं पोलाद तुटण्याआधी सांगतं.
मधोमध बारीक होतं, कंबर काढतं,
माणसाला मागे सरकायला वेळ देतं.
हे काहीच बोललं नाही.
रेघ सरळ वर चढली, आणि ठाप.
सोळाशे मेगापास्कल.
लांबण तीन टक्के.

"ताकद बघ," मी म्हटलं.
"बघितली," क्लाइव्ह म्हणाला. "आता स्वभाव बघ."

सूक्ष्मदर्शकाखाली
समजूतदार तुटण्याला खळ्या पडतात.
खरंच, खळ्याच. हजारो.
कित्येकींच्या तळाशी एक उपरा कण,
फाटायला जिथून सुरुवात झाली तो.
इथे शोधूनही खळी सापडेना.
इथे फोडलेली खडीसाखर,
स्फटिकापासून स्फटिक सीमेवरून अलगद सुटलेला,
जणू एकमेकांचे ते कधी नव्हतेच.

शिरोलीला माझे वडील छिन्न्यांना पाणी द्यायचे.
लालभडक पातं बुडालं की आत सुया उगवतात,
त्यांना मार्टेन्साइट म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.
एवढंच ठाऊक, की नुसतं पाणी दिलेली छिन्नी
पहिल्याच घावाला डोळ्यात उडते.
म्हणून पुन्हा शेकायची, रंग बघायचा:
गवती पिवळा, मग तपकिरी,
आणि जांभळा दिसला की थांबायचं.
छिन्न्यांचं पाणी असं उतरवणारा माणूस
घरी मात्र म्हणायचा, मोडेन पण वाकणार नाही.
पतपेढीच्या सभेत म्हणायचा.
माझ्या लग्नाच्या वेळी दारात उभं राहून म्हणाला.

ही म्हण मी क्लाइव्हला एकदा समजावून सांगितली.
त्याने चहा ढवळला.
"आमच्याकडे त्याला रिजेक्ट म्हणतात."

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, ऐंशीच्या संपात, दहाव्या आठवड्यात,
त्याचा भाऊ रे गेटमधून आत गेला.
तेव्हापासून एकाच रस्त्यावर दोघांची घरं,
एकाच दुकानातला ब्रेड,
शब्द नाही.

अहवालात मी लिहिलं:
साडेतीनशे अंशांवर शेकल्याची शंका.
तेवढ्या उबेत सीमेवर दबा धरून बसलेल्या फॉस्फरसला
कार्बाइडची साथ मिळते.
अर्धवट उतरवलेलं पाणी, न उतरवल्यापेक्षाही वाईट.
साडेपाचशेला दोन तास ठेवा.
ताकद कमी होईल. होऊ द्या.
शेवटचे दोन शब्द ग्राहकाला रुचणार नाहीत,
म्हणून खोडले.

निघताना क्लाइव्हने सळईचे तुकडे उचलले.
ताणून तुटलेले तुकडे पुन्हा नीट बसत नाहीत,
एकाची वाटी, दुसऱ्याचा सुळका,
मधे फट राहतेच.
हे बसले. केसभरही फरक नाही.
चिमटीत घट्ट धरून त्याने दिव्याकडे नेले,
फिरवून फिरवून भेग शोधली.
"बघ," म्हणाला, "नव्यासारखं."
आणि बोटं सोडली नाहीत.