अर्धा सेंटिमीटर

शहाद्याला, गोमाईच्या काठी,
हिलाल मिस्तरीनं बनवून दिली फळी, सागाची.
वर सरकती पट्टी, खाली पावलांपुरती चौकट,
कडेला डकवलेली शिंप्याची टेप.
मजुरी साडेतीनशे. पावती अजून फाइलीत आहे.
रंधा झटकत त्यानं विचारलं,
"पोरे मोजीसन वाढतस का, ताई?"
मी हसले. उत्तर होतं माझ्याकडे,
प्रस्तावाच्या चौथ्या पानावर.

नऊशे बारा मुलं उभी राहिली त्या फळीवर.
निम्मी धडगावच्या वरच्या पाड्यांतली,
निम्मी तापीकाठची,
जिथे केळीच्या बुंध्याशीसुद्धा
वेळेवर पाणी पोचतं.
बिजलीबाई पावरा टाचा दाबून धरायची,
मी आकडा वाचायचे.
"थांबा, आधी गप होऊ द्या," ती म्हणायची,
"रडत्या पोराची उंची कमी भरते."
हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
पुढे माझ्या पुस्तकात आलं, तिच्या नावाशिवाय.

वरचं आणि खालचं मूल, वय पाच,
अंतर सात सेंटिमीटर.
त्या सातावर माझी पीएचडी,
मग नोकरी, मग परदेशी परिषदा,
आणि एक गाजलेला तक्ता:
बालपणीच्या एकेका सेंटिमीटरमागे
मोठेपणीची किती मजुरी बुडते.
हाडांचा भाव काढला मी,
दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत.

चौदा वर्षांनी भाग्येश, माझा विद्यार्थी,
गोदामातून फळी काढून पुसत होता.
म्हणाला, मॅडम, हिला शून्य नाही.
टेपचं पितळी टोक आधीच तुटलेलं.
अर्ध्यापासून सुरू होत होती ती.
प्रत्येक मूल
अर्धा सेंटिमीटर उंच लिहिलं गेलं होतं.

रात्रभर गणितं केली. निष्कर्ष हलले नाहीत.
दोघांत सारखीच चूक असली
की वजाबाकीत ती निघून जाते.
विषमता शाबूत होती. मीही.
नियतकालिकानं दोन ओळींची दुरुस्ती छापली.

पण जादा आहाराची यादी
त्याच फळीवरून झाली होती.
तिथे वजाबाकी नव्हती, एक लाल रेघ होती.
रेघेच्या जेमतेम वर, म्हणून अंड्याविना,
एकोणीस मुलं.

त्यातला एक सापडला. क्रमांक चारशे सतरा,
रेहमल. शहाद्याच्या बायपासला
ट्रकमध्ये पपया भरत होता,
एकेक फळ कागदात गुंडाळून, बाळासारखं.
मी सगळं सांगितलं. फळी, टोक, रेघ.
त्यानं ऐकलं, हाताचा चीक पँटीला पुसला,
म्हणाला, "अंडं मला तसंही आवडत नव्हतं."
खरं की खोटं, कसं तपासू?

मग काय वाटलं कोण जाणे,
ट्रकच्या फळकुटाला पाठ लावून उभा राहिला,
टाचा जुळवून, नजर समोर,
बिजलीबाईनं शिकवलं होतं अगदी तसा.
"मोजा."
माझ्या पिशवीत लॅपटॉप होता, टेप नव्हती.
मी तळहात आडवा धरला त्याच्या डोक्यावर.
माझ्या खांद्याच्या जरा खाली आला.

"रडू नका, मॅडम," तो म्हणाला,
"कमी भरंल."

मुकादमानं हाक मारली.
दिल्लीचा माल, अजून चाळीस क्रेट बाकी होते.